बुजरेपणा आणि तरुण मन

मांडव्याहून गेटवेकडे निघणाऱ्या बोटींत मुंबईस शिकावयास जाणारीं कांहीं मुलें असावयाचींच. बोट धक्का सोडते तेव्हां त्यांच्या गप्पांना ऊत आलेला असतो; थट्टामस्करी चालते, आगरी बोलीचे हेल ऐकूं येतात. तासाभरानें मुंबई येते, आणि त्यांपैकीं एखादा मुलगा वर्गांत जाऊन बसतो तो दिवसभर तोंड उघडीत नाहीं. प्रश्नाचें उत्तर त्याला ठाऊक असतें, पण हात वर जात नाहीं. सोबती त्याला घुमा ठरवितात, आणि कांहीं दिवसांनीं तोही स्वतःला तसाच समजूं लागतो.

मुलगा तोच, बुद्धीही तीच. पालटलीं तीं भोंवतालचीं माणसें. कांहीं मुलें उपजतच सावध असतात, हें खरें. परंतु बुजरेपणा हा नाकाडोळ्यांसारखा जन्माचा चिकटलेला असतो, ही समजूत अपुरी आहे. सकाळच्या बोटींत त्याचा मागमूसही नव्हता.

या भावनेसाठीं मराठींत एक नव्हे, अनेक शब्द आहेत, आणि ते एकमेकांचे पर्याय नव्हेत. अनोळखी माणसांत जीव दचकतो, तें बुजणें. हा शब्द बैलाघोड्यांनाही लावतात. त्यांत दोष कोणाचाच नसतो, आणि ओळख पटली कीं तें आपोआप ओसरतें. वडील माणसाच्या शब्दाबाहेर जाववत नाहीं, ती भीड. बोलावें कीं न बोलावें अशी मनाची ओढाताण, तो संकोच. लाज मात्र याहून खोल जाते. आपल्या ठायींच कांहीं उणें आहे आणि तें आतां उघडें पडणार, असें तींत वाटत असतें. तरुण मुलाची खरी अडचण ही कीं, त्याला वाटत असतें नुसतें बुजल्यासारखें, आणि तो समजतो ती लाज. छाती धडधडते, कान तापतात. एवढ्यावरून तो आपल्या लायकीविषयीं निकाल देऊन मोकळा होतो.

रायगडच्या किनाऱ्यावरील मुलांच्या बाबतींत हा निकाल बाहेरूनही पुरविला जातो. मुंबईंत एखाद्याला बावळट म्हणावयाचें झाल्यास 'अलिबाग से आया है क्या?' असें विचारण्याची जुनी खोड आहे. जो खरोखरच अलिबागेहून आला आहे, त्यानें यावर हसावें कीं रागवावें? गांव विचारल्यावर 'मुंबईजवळच' असें मोघम सांगणें त्याला सोयीचें वाटतें. बोलींतला 'पानी' तोंडांतून निसटूं नये, 'घोड्या'चा 'घोरा' होऊं नये, म्हणून प्रत्येक वाक्य आधीं मनांत तपासावें लागतें. आणि तपासून होईपर्यंत बोलण्याची वेळ टळून जाते. या उद्गारास बंदी घालावी, अशी याचिका अलिबागच्या एका रहिवाशानें मुंबई उच्च न्यायालयांत केली होती. जुलै २०१९ मध्यें न्यायालयानें ती फेटाळली. विनोद सर्वच समाजांवर होतात, त्यांत अवमान मानूं नये, असा आशय होता. कायद्याच्या दृष्टीनें तें योग्यच असेल. पण अवमान मानूं नये हें प्रौढाला साधतें. सतराव्या वर्षीं तें साधत नाहीं. (ज्या अलिबागेची ही थट्टा, तेथें मुंबईच्या ट्रामगाड्या विजेवर चालणार म्हणून १९०४ सालीं कुलाब्याचें चुंबकीय मापनाचें काम हलविण्यांत आलें. सूक्ष्म मोजमापाला मुंबई नव्हे, अलिबाग मानवली.)

सतराव्या वर्षीं कां साधत नाहीं, याचा विचार शास्त्रज्ञांनीं केला आहे. डार्विननें १८७२ च्या आपल्या भावनांवरील ग्रंथांत नोंदविलें आहे कीं, वृद्धांपेक्षां तरुण अधिक सहज लाजतात, आणि चेहरा लाल होण्याचें मूळ, इतर लोक आपल्याविषयीं काय म्हणत असतील या विचारांत असतें. हा अंदाज बहुधा चुकतो. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत कांहीं विद्यार्थ्यांना एका गायकाचें चित्र असलेला, घालावयास संकोच वाटेल असा सदरा घालून इतरांच्या खोलींत पाठविलें. सदरा किती जणांच्या लक्षांत आला असेल, असें विचारतां त्यांनीं जवळजवळ निम्म्यांचा अंदाज केला. प्रत्यक्षांत चतुर्थांशही माणसांनीं तो टिपला नव्हता. २००० सालीं हे प्रयोग प्रसिद्ध झाले. शिवाय स्टॅनफर्ड येथें झिंबार्डो यांनीं १९७० नंतरच्या दशकांत केलेल्या पाहणींत सुमारें चाळीस टक्के लोकांनीं आपण बुजरे असल्याचें सांगितलें. म्हणजे ज्या वर्गांत तो मुलगा एकटाच भेदरला आहे असें त्याला वाटतें, तेथें शेजारच्या बांकावरही कोणी तरी तसाच बसलेला असण्याचा पुष्कळ संभव आहे.

घरांतील वडीलधारीं माणसें येथें नकळत चूक करतात. पाहुण्यांसमोर 'हा आमचा फार लाजाळू हो!' असें कौतुकानें सांगितलें जातें, किंवा 'अरे, बोल कीं! तोंड शिवलें आहे काय?' असें दटावलें जातें. दोहोंनीं सर्वांच्या नजरा त्याच्याकडे वळतात, आणि नजरांचेंच तर त्याला भय असतें. त्यापेक्षां त्याच्या हातांत कांहीं काम द्यावें. चहाचा ट्रे घेऊन फिरणाऱ्या मुलाला चार शब्द बोलण्यास निमित्त मिळतें. रात्रीं निवांतपणीं, कोणी तिसरें नसतांना, वर्गांत नेमकें काय वाटलें तें विचारावें: भीति वाटली, राग आला, कीं घरची आठवण झाली? पहिल्या दिवशीं 'कांहीं नाहीं' हेंच उत्तर येईल. आठवड्यानें कदाचित् तो एखाद्या मुलाचें नांव सांगेल, जो त्याच्या बोलण्यावर हसला. आणि त्याच्यामागून दुसऱ्या एकाचें, जो हसला नाहीं.