विरळ हवा, समृद्ध हवा आणि मात्रेचा विचार

ऑक्सिजनला मराठीने ‘प्राणवायू’ हे नाव दिले. त्या एका नावाने आपल्या व्यवसायात जेवढा गोंधळ माजवला, तेवढा क्वचितच दुसऱ्या एखाद्या शब्दाने माजवला असेल. वाताच्या पाच भेदांपैकी मूर्धा, उर व कंठ या ठिकाणी राहून बुद्धी, इंद्रिये आणि श्वसन यांचे धारण करणारा प्राण वेगळा. आणि हवेचा सुमारे २१ टक्के भाग व्यापणारा तो वायू वेगळा. दोहोंचा संबंध आहे, तादात्म्य नाही. शार्ङ्गधराने पूर्वखंडाच्या पाचव्या अध्यायात नाभिस्थ प्राणपवन बाहेरील आकाशातून अमृत घेऊन परततो असे जे श्वसनाचे वर्णन केले आहे, तेथेही घेणारा प्राण आणि घेतले जाणारे द्रव्य ही दोन भिन्न ठेवलेली आहेत. प्रस्तुत लेखात म्हणूनच ‘ऑक्सिजन’ हाच शब्द योजला आहे.

हा खुलासा आरंभीच करण्याचे कारण असे की, मुखवट्यातून आलटून-पालटून कमी व अधिक ऑक्सिजनयुक्त हवा देणारी यंत्रे आता आपल्याकडेही विक्रीस येऊ लागली आहेत, आणि त्यांचे ग्राहक म्हणून पंचकर्म केंद्रे चालविणाऱ्या वैद्यांकडे पाहिले जात आहे. ‘पेशींना प्राण मिळतो’ असे कोणी सांगू लागला की आपल्याला ते घरचे वाटते. वस्तुतः या पद्धतीत जे काही कार्य घडते त्याचा मोठा भाग ऑक्सिजन मिळाल्याने नव्हे, तर तो मोजून-मापून थोडा वेळ न मिळाल्याने घडतो.

यंत्राची रचना समजण्यास कठीण नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत घरोघरी पोहोचलेला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आपण सर्वांनी पाहिला आहे. त्यातील झिओलाइट हे खनिज दाबाखाली नायट्रोजन धरून ठेवते व ऑक्सिजनने समृद्ध हवा पुढे जाते. नायट्रोजनबहुल हवा बाहेर टाकली जाते. या नव्या यंत्रात दोन्ही प्रवाह उपयोगात आणले जातात. रुग्ण आरामखुर्चीत बसतो. सुमारे पाच मिनिटे १० ते १४ टक्के ऑक्सिजनची हवा, त्यानंतर तीनेक मिनिटे ३० ते ४० टक्क्यांची, असे क्रमाने पाच-सहा फेरे होतात. बोटाला लावलेला पल्स ऑक्सिमीटर रक्तातील ऑक्सिजनची संपृक्तता दाखवीत असतो. ती साधारण ८० ते ८५ टक्क्यांपर्यंत उतरू देतात. अशा बैठका आठवड्यातून तीन ते पाच वेळा, काही आठवडे चालतात.

१२ टक्के म्हणजे किती, याची कल्पना आकड्यावरून येत नाही. ही हवा सुमारे ४३०० मीटर उंचीवरील हवेसारखी होय. लेह शहराची उंची ३५०० मीटर आहे. १० टक्क्यांची हवा ५५०० मीटरच्याही वरची, जेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर आलेला असतो. आपले कळसूबाई अवघे १६४६ मीटर. आयुष्यात सह्याद्रीच्या वर न गेलेल्या मधुमेही गृहस्थांना आपण खुर्चीत बसवून क्षणात हिमालयात नेत आहोत, हे यंत्राचे बटण दाबणाऱ्याने विसरता कामा नये.

पर्वतावरून प्रयोगशाळेत

या विचाराचे मूळ पर्वतारोहणात व सोव्हिएत शरीरक्रियाविज्ञानात आहे. कीव्ह येथील निकोलाय सिरोतिनिन यांनी कॉकेशसमधील एल्ब्रुस पर्वतावर माणसाच्या उंचीशी जुळवून घेण्याच्या क्षमतेचा अभ्यास केला आणि टप्प्याटप्प्याने चढत जाण्याची पद्धत मांडली. पुढे मॉस्कोत फेलिक्स मेयरसन यांनी विरळ हवेची सवय झालेले शरीर इतर आघातही अधिक चांगले सोसते, हा मुद्दा दीर्घकाळ अभ्यासिला. फेऱ्यांमधील विश्रांतीत साध्या हवेऐवजी समृद्ध हवा देण्याची कल्पना तेथीलच संशोधकांनी नंतर जोडली.

पाश्चात्य जगाचे लक्ष मात्र खेळांमुळे वेधले गेले. १९६८ चे ऑलिंपिक २२४० मीटर उंचीवरील मेक्सिको शहरात झाले आणि उंचीवरील सराव हा विषय सर्वतोमुखी झाला. पेशीला ऑक्सिजनची उणीव कळते कशी, याचे उत्तर त्यानंतर बऱ्याच काळाने मिळाले. ऑक्सिजन पुरेसा असताना पेशी ‘हिफ’ नावाचे एक प्रथिन सतत तयार करते व सतत नष्टही करते. उणीव झाली की नष्ट करण्याची क्रिया थांबते, हिफ साठते आणि रक्तवृद्धी, नव्या केशवाहिन्या व ऊर्जानिर्मिती यांच्याशी निगडित असलेली अनेक जनुके कार्यान्वित करते. या शोधासाठी विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. हिफ नष्ट करणाऱ्या विकरांना ऑक्सिजनबरोबर लोहही लागते, एवढे येथे ध्यानात ठेवावे. त्याचा संबंध पुढे येणार आहे.

लाभ कोणाला?

येथे एक मोठी गंमत आहे. ‘फिटनेस’साठी म्हणून ज्यांच्यापुढे या यंत्राची भलावण होते, त्या धडधाकट खेळाडूंनाच त्यापासून लाभ होण्याचा पुरावा दुबळा आहे. लेव्हिन व स्ट्रे-गुंडरसन यांच्या १९९७ च्या सुप्रसिद्ध अभ्यासात २५०० मीटरवर राहून १२५० मीटरवर सराव करणाऱ्या धावपटूंची ५००० मीटर शर्यतीतील वेळ सरासरी सुमारे १३ सेकंदांनी सुधारली; पण ते चार आठवडे दिवसातील बराच काळ त्या उंचीवर होते. उलट २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १४ निष्णात धावपटूंना पाच मिनिटे विरळ व पाच मिनिटे साधी हवा अशी रोज ७० मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, चार आठवडे दिली गेली. ना शर्यतीची वेळ सुधारली, ना रक्तवृद्धीची लक्षणे दिसली. तासाभराच्या विरळ हवेने हिमोग्लोबिन वाढेल असे रुग्णास सांगणे यामुळेच धाडसाचे ठरते.

दुसऱ्या टोकाला, वृद्ध व दुर्बल रुग्णांत आढळलेले परिणाम अधिक आशादायक आहेत. ऑस्ट्रियातील क्लागेनफुर्ट येथे वृद्धांच्या दिवस-रुग्णालयातील ३४ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांना नेहमीचा व्यायामोपचार होताच. एका गटाला त्याच्या जोडीने विरळ-समृद्ध हवा आणि दुसऱ्याला मुखवट्यातून साधी हवा दिली गेली. सहा मिनिटांत चालून गेलेले अंतर पहिल्या गटात सुमारे २४ टक्क्यांनी व दुसऱ्यात ११ टक्क्यांनी वाढले, आणि स्मृति-आकलनाच्या चाचणीतही पहिला गट पुढे राहिला. त्याच वर्षी मॉस्कोतील ४६ हृद्रोग्यांवरील अभ्यासात व्यायामक्षमता व रक्तदाब यांत सुधारणा नोंदली गेली. मात्र तेथे गटांची विभागणी यादृच्छिक नव्हती. संख्या लहान, केंद्रे मोजकी. समृद्ध हवेचा भाग खरोखर आवश्यक आहे काय, की साध्या हवेतील विश्रांतीने तेच साधेल, याची थेट तुलना करणारे अभ्यास तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. माझे मत विचाराल तर पहिल्या भागाला आधार आहे, आणि दुसरा भाग तूर्त सोयीचा अधिक व सिद्ध कमी आहे.

ज्याला अर्धा जिनादेखील चढवत नाही त्याला खुर्चीत बसून मिळणारा हा व्यायामसदृश ताण उपयोगी पडावा, आणि जो आधीच व्यायामाने तयार आहे त्याच्यात फरक दिसू नये, हे वैद्याला नवलाचे वाटू नये. सुश्रुताने व्यायाम बलार्धापर्यंतच सांगितला. बल ज्याचे त्याचे वेगळे, म्हणून अर्धही वेगळे. अहिताचा त्याग व हिताचा स्वीकार पादांशाने, क्रमाक्रमाने करावा, असा चरकाचा उपदेश सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात आहे. सिरोतिनिन यांची टप्प्याटप्प्याची चढण याच जातीची. क्रम सोडला की काय होते, हे १९६२ च्या युद्धाने आपल्या देशाला दाखविले. सपाटीवरून एकदम उंचीवर नेलेल्या सैनिकांच्या आजाराविषयी इंदर सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलेला १९६९ चा निबंध जगभर प्रमाण मानला गेला.

मात्रेचे दुसरे उदाहरण तर आपल्या रोजच्या रुग्णांत आहे. घोरताना श्वास अडकणाऱ्या रुग्णाच्या रक्तातील ऑक्सिजन रात्रभर, तासाला तीस-तीस वेळा घसरतो आणि पुन्हा चढतो. हीदेखील आलटून-पालटून विरळताच. तिचे फळ मात्र वाढलेला रक्तदाब आणि दिवसभराची ग्लानी. तीच वस्तू मोजक्या फेऱ्यांत दिली की औषध ठरू शकते, अमर्याद झाली की व्याधिहेतू.

कुंभक आणि यंत्र

‘मग आमचा कुंभक काय वेगळा?’ हा प्रश्न सभासदांकडून हमखास येईल. वेगळा आहे. श्वास रोखला असता रक्तात कर्बद्विप्राणील वायू साठत जातो आणि श्वास घेण्याची ऊर्मी मुख्यत्वे त्याच्यामुळेच होते. यंत्रावरील रुग्ण मोकळेपणी श्वास घेतो. विरळ हवेने त्याचा श्वास वाढतो आणि कर्बद्विप्राणील उलट कमी होतो. श्रमश्वासाच्या वेगाचे धारण केल्यास गुल्म, हृद्रोग व संमोह होतात असे चरकाने बजावले आहे; यंत्रात वेगधारण नाही, हे त्याच्या बाजूने म्हणता येईल. पण म्हणून ते प्राणायामाचे यांत्रिक रूप ठरत नाही. लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९३० च्या दशकातच प्राणायामातील ऑक्सिजनग्रहण व कर्बद्विप्राणीलचे उत्सर्जन मोजून ‘योगमीमांसा’त प्रसिद्ध केले होते, आणि प्राणायामाचे महत्त्व जादा ऑक्सिजन मिळण्यात नाही अशीच त्यांची भूमिका होती. नव्वद वर्षांपूर्वी महाराष्ट्रात झालेले हे काम आपल्याच व्यासपीठांवरून दिल्या जाणाऱ्या व्याख्यानांत विसरले जाते, याचा खेद वाटतो.

यंत्रापूर्वी परीक्षा

या पद्धतीतील खरा धोका यंत्रात नसून रुग्णाच्या निवडीत आहे. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, अस्थिर हृत्शूल, अनियंत्रित रक्तदाब, तीव्र श्वसनविकार, अपस्मार, ज्वर, गर्भिणी हे वर्ज्य होत. सुश्रुताने व्यायामास अयोग्य म्हणून सांगितलेल्यांत कृश, क्षत, शोषी, श्वासी, रक्तपित्ती व नुकतेच जेवलेले यांचा समावेश आहे. ती यादी येथे भिंतीवर लावली तरी चुकणार नाही.

आपल्या प्रदेशापुरत्या तीन गोष्टी युरोपीय माहितीपुस्तकांत ठळकपणे सापडणार नाहीत.

पहिली, सिकलसेल. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत हा विकार मोठ्या प्रमाणावर आहे. ऑक्सिजन घटला की यातील रक्तकण विळ्यासारखे वाकतात व वाहिन्या तुंबवतात. रुग्णास ही विरळ हवा देणे म्हणजे वेदनेचा झटका स्वतः ओढवून घेणे. जो केवळ वाहक आहे, ज्याला आयुष्यात काहीही त्रास झालेला नाही, अशा माणसालाही अति उंचीवर प्लीहेस इजा झाल्याचे वैद्यकात नमूद आहे. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीकडील व्यवसायिकांनी रक्तचाचणीवाचून कोणासही मुखवटा लावू नये, आणि मूळचा तिकडचा रुग्ण पुण्या-मुंबईत आला म्हणून त्याचे रक्त बदलत नाही.

दुसरी, पांडुता. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षीण आढळल्या. संपृक्तता हे हिमोग्लोबिन किती भरले आहे त्याचे माप आहे, हिमोग्लोबिन किती आहे त्याचे नव्हे; म्हणून सात ग्रॅम हिमोग्लोबिन असलेल्या स्त्रीच्या बोटावरही ९८ हा आकडा दिसतो. ८२ वर उतरल्यावर तिच्या धातूंना प्रत्यक्षात किती पोहोचत असेल, याचा हिशेब यंत्र करीत नाही. शिवाय लोहाचा साठा नसताना उंचीवरील सरावानेही रक्त वाढत नाही. अशा रुग्णास आधी पुनर्नवा मंडूर, नवायस, धात्री लोह यांपैकी प्रकृतीस मानवेल ते, आणि अग्नीकडे लक्ष. यंत्राचा प्रश्न त्यानंतरचा. औषधालय चालविणाऱ्या बंधूंनाही सांगावेसे वाटते की, गिऱ्हाईक ‘ऑक्सिजन वाढविण्यासाठी काही’ मागत आले तर बऱ्याच वेळा त्याची गरज रक्तचाचणीची असते.

तिसरी गोष्ट ऑक्सिमीटरची. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवीत असताना धमनीतील खरी संपृक्तता ८८ च्या खाली असल्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के आढळले. गडद त्वचेवर उपकरण प्रत्यक्षाहून अधिक आकडा दाखवू शकते. संपूर्ण उपचार ज्या एका आकड्यावर उभा आहे, तो आकडा सावळ्या कातडीच्या देशात थोडा फसवा आहे. म्हणून लक्ष्य ८० न धरता ८५ च्या वरच थांबावे, बोटावरील गडद रंग काढावा, आणि आकड्याहून रुग्णाच्या ओठांचा वर्ण, स्वेद, भ्रम व नाडी यांवर अधिक विश्वास ठेवावा. फलकावर ८६ दिसत असताना रुग्णाचे कपाळ घामेजले व बोलणे अडखळू लागले, तर मुखवटा काढावयाचा असतो.

पहिल्या दिवशी उपचार न करता दहाएक मिनिटांची सौम्य चाचणी घ्यावी, हृदयाचा आलेख तज्ज्ञाकडून पाहून घ्यावा, आणि १४ टक्क्यांवरून आरंभ करून खाली यावे. बैठक रिकाम्या पोटी नको, भरल्या पोटीही नको. खोलीत रुग्णाजवळ प्रशिक्षित माणूस सतत हवा. पत्नीला बाहेर बसवून आत एकटे ठेवण्याची ही गोष्ट नव्हे.

राहिला जाहिरातीचा प्रश्न. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याच्या अनुसूचीत मधुमेह, हृद्रोग, रक्तदाब व स्थौल्य हे सर्व समाविष्ट आहेत, आणि या यंत्राच्या प्रचारात नेमकी हीच नावे येण्याचा संभव अधिक. विक्रेत्याने तयार करून दिलेल्या फलकावर आपले नाव व पदवी छापली गेली की उत्तरदायित्व आपले होते. ज्यांनी यंत्र घेतलेच असेल त्यांनी प्रत्येक बैठकीची नोंद ठेवावी: हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण, सर्वांत खाली गेलेली संपृक्तता, नाडी, रक्तदाब, आणि दर दोन आठवड्यांनी सहा मिनिटांत चालून गेलेले अंतर. दहा वैद्यांकडच्या अशा प्रामाणिक वह्या एकत्र आल्या, तर आपल्या रुग्णांविषयी परकीय निबंधांत न मिळणारे काहीतरी हाती लागेल. त्या वह्यांत चक्कर येऊन अर्ध्यावर सोडून गेलेल्यांचीही नोंद असावी.