पेन पोरांच्या हाती

रत्नाकर मतकरींचं 'लोककथा 78' आलं, तेव्हा अन्याय सोसणाऱ्या माणसांची गोष्ट रंगमंचावर थेट अंगावर आली. लिहिणारा मात्र शहरी, मध्यमवर्गीय लेखक होता. त्यानंतर छत्तीस वर्षांनी, 2014 साली, याच लेखकाने ठाण्यात 'वंचितांचा रंगमंच' उभा केला आणि पेन वस्तीतल्या पोरांच्या हाती दिलं. तेव्हा त्यांची पंचाहत्तरी उलटली होती. मला त्यांच्या साऱ्या कामात हे सर्वांत धाडसाचं वाटतं.

सोबत त्यांच्या पत्नी प्रतिभाताई होत्या आणि संजय मंगला गोपाळ यांची समता विचार प्रसारक संस्था. संस्थेचं वस्त्यांमधल्या शाळकरी मुलांशी आधीपासूनच नातं होतं. नाहीतर नाटकवाल्यांना कुणी दारात उभं केलं नसतं.

मुलांच्या या नाटकांच्या महोत्सवाला नाव ठेवलं 'नाट्यजल्लोष'. स्पर्धा नाही. आपल्याकडे एकांकिका म्हटलं की करंडक, परीक्षक, निकाल हे आलंच. डोंबिवली-ठाण्याची कितीतरी गुणी पोरं त्या वाटेने पुढे आली, ते खरंच. पण परीक्षकाला काय आवडेल, याचा विचार डोक्यात शिरला की घरातलं दारूचं भांडण लिहिताना हात आखडतो. इथे तो धाक नव्हता. विषय बाहेरून आणावे लागले नाहीत. व्यसन, पाणी, सुटलेली शाळा, मुलीचं लवकर उरकलेलं लग्न, जात. नळावरची रांग दाखवायला पाचजण एकामागे एक उभे राहिले आणि शेवटच्याने रिकामा हंडा कमरेवर घेतल्याचा अभिनय केला की पुरे. नेपथ्याचा खर्च नाही. संवाद घरात बोलतात त्याच बोलीत. सरावाला जागा नसते, घरी पाहुणे आले की तालीम मोडते, मुलींना अंधाराआधी परतायचं असतं. ही खरी अडचण, लेखनाची नव्हे.

17 मे 2020 रोजी करोनाने मतकरींना नेलं. काम थांबलं नाही, याचं श्रेय संस्थेच्या कार्यकर्त्यांइतकंच त्या पोरांनाही द्यायला हवं.

आता आमच्याबद्दल, डोंबिवलीकरांबद्दल. 2017 साली डोंबिवलीत नव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. इथल्या नाट्यगृहाला नाव सावित्रीबाई फुल्यांचं. आम्ही स्वतःला सांस्कृतिक नगरी म्हणवतो. मग पाथर्ली, दत्तनगर अशा इथल्या वस्त्यांतल्या मुलामुलींनी स्वतः लिहिलेलं वीस मिनिटांचं नाटक या रंगमंचावर दरवर्षी व्हायला काय हरकत आहे? एक संध्याकाळ बिनभाड्याने मिळावी. तालमीला महापालिकेच्या शाळेचा एखादा वर्ग सायंकाळी उघडा ठेवावा, आणि मुलींना घरापर्यंत पोचवायला कुणी मोठं माणूस सोबत असावं.