सांभाळाचा हिशोब

इंग्लंडमध्ये आईवडिलांपासून दूर ठेवावं लागलेलं मूल शक्यतो संस्थेत न धाडता एखाद्या कुटुंबाकडे सोपवतात. मूल दत्तक जात नाही. त्याची जबाबदारी स्थानिक कौन्सिलकडेच राहते. फॉस्टर पालक त्याला घरी ठेवतात, शाळा-दवाखाना सांभाळतात, सख्ख्या आईवडिलांच्या भेटीला नेतात आणि नोंदीही ठेवतात. त्यासाठी त्यांना पैसे मिळतात. ते मुलाच्या खर्चाचे की पालकांच्या कष्टाचे, हा तिथला जुना वाद. करखात्याने मात्र आपल्यापुरती वाट काढली आहे.

या पैशाचे दोन भाग असतात. पहिला मुलाचा भत्ता : जेवण, कपडे, प्रवास, वीज. २००७ पासून इंग्लंडमध्ये त्याचा किमान दर सरकार ठरवतं. मुलाचं वय आणि राहण्याचा भाग यांप्रमाणे तो बदलतो. महागाई भडकल्यावर एप्रिल २०२३ मध्ये तो १२.४३ टक्क्यांनी वाढवला. दुसरा भाग पालकांच्या फीचा. तिला देशपातळीवर किमान दर नाही. कौन्सिल किंवा एजन्सी देईल ती. एक मूल गेल्यावर दुसरं येईपर्यंत अनेकांच्या हाती काहीच पडत नाही.

कराच्या दृष्टीने हे पालक स्वयंरोजगारी. म्हणजे जमेतून खर्च वजा करून नफा दाखवायचा. पण घरातल्या दुधातलं पाहुण्या मुलाने किती प्यायलं, याची पावती कुठून आणणार? म्हणून २००३ च्या कायद्याने पावत्यांची अटच टाळता येईल अशी सोय केली. प्रत्येक घराला वर्षाला १०,००० पौंडांची ठरावीक सूट. शिवाय अकरा वर्षांखालच्या मुलामागे आठवड्याला २०० आणि त्यावरच्या मुलामागे २५० पौंड. मूल आठवड्यात एकच दिवस राहिलं तरी तो पूर्ण आठवडा धरतात. एकूण जमा या मर्यादेत असेल, तर आयकर शून्य. जास्त असेल, तर वरच्या रकमेवर कर भरायचा किंवा नेहमीसारखा जमाखर्च मांडायचा.

सोय चांगली, पण हे आकडे वीस वर्षं तिथेच थिजले. भत्ते आणि फी वाढत गेली, सूट मात्र जागची हलली नाही. अखेर एप्रिल २०२३ मध्ये ती घरामागे १८,१४० आणि मुलामागे ३७५ व ४५० पौंड झाली, आणि पुढे दरवर्षी महागाईप्रमाणे वाढवण्याचं ठरलं. नऊ वर्षांचं एक मूल वर्षभर सांभाळणाऱ्या घराची करमुक्त मर्यादा २०,४०० पौंडांवरून ३७,६४० वर गेली.

बाकीच्या नियमांतही अशीच देवघेव आहे. युनिव्हर्सल क्रेडिट या सरकारी मदतीत फॉस्टरिंगचे पैसे उत्पन्न धरत नाहीत. मात्र ते मूलही कुटुंबात मोजत नाहीत. त्याच्यासाठी चाइल्ड बेनिफिटही मिळत नाही. सरकारी पेन्शनसाठी २०१० पासून या वर्षांचं श्रेय मिळू शकतं, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो.

करापुरते हे पालक व्यावसायिक. हक्कांची गोष्ट निघाली की चित्र बदलतं. सर्वसाधारण फॉस्टर पालकाला किमान वेतन नाही, पगारी रजा नाही. त्यांच्या संघटनेला कामगार संघटना म्हणून नोंदणीही नाकारली गेली होती. कारण, कौन्सिलशी त्यांचा रोजगाराचा करार नाही. २०२१ मध्ये अपील कोर्टाने ही नोंदणी मान्य केली. संघटनेचा हक्क मिळाला, पगारदाराचा दर्जा मिळाला नाही.

आपल्याकडे प्रश्न यापेक्षा आधीच्या पायरीवर आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलाला अशा कुटुंबात ठेवण्याची तरतूद आहे, आणि ‘मिशन वात्सल्य’मध्ये त्यासाठी मुलामागे महिना ४,००० रुपये. महाराष्ट्राची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना एकल पालकांच्या मुलांनाही हात देते. तिथलं अनुदान २०२३ मध्ये १,१०० वरून २,२५० रुपये झालं. म्हणजे दिवसाला ७५ रुपये. एवढ्यात मुलाचा खर्चच भागत नाही, तिथे सांभाळणाऱ्याच्या कष्टांचा रकाना कुठून असणार? आधी मुलाचा भत्ता महागाईशी बांधावा, आणि सांभाळणाऱ्याचं मानधन त्यापासून वेगळं ठरवावं. इंग्लंडकडून घेण्यासारखं हेच आहे. मात्र आकडा वीस वर्षं गोठवून ठेवण्याची त्यांची चूक तेवढी उचलू नये.