सात लिटर दुधाची एक प्लेट

२०२४च्या जुलैत अकोले तालुक्यातल्या कोतूळला दूध उत्पादक शेतकरी दरासाठी धरणं धरून बसले होते. त्यांची मागणी लिटरला ४० रुपयांची. सरकारने जाहीर केला गायीच्या दुधाला ३० रुपये दर आणि वर ५ रुपये अनुदान. आता संगमनेरच्या, राहात्याच्या किंवा नगर शहरात सावेडीच्या एखाद्या साध्या फॅमिली रेस्टॉरंटचं मेन्यूकार्ड उघडा. पनीर मसाला सव्वादोनशेच्या आगेमागे असतो. लाल रश्श्यात आठ-दहा तुकडे, फार तर शंभर ग्रॅम. गायीच्या सहा-सात लिटर दुधाचं किलोभर पनीर निघतं, म्हणजे त्या प्लेटीत पाऊण लिटरसुद्धा दूध नाही. दूध घालणाऱ्याने ती मागवली, तर सात लिटर डेअरीत ओतून पाऊण लिटर परत घेतल्यासारखं झालं.

हा हिशेब करून ‘बाहेरचं खाणं म्हणजे लूट’ म्हणणारे आमच्या नगर जिल्ह्यात कमी नाहीत. बिल आलं की ते चष्मा लावून ओळ न् ओळ वाचतात आणि ‘एवढ्यात घरी दहा माणसं जेवली असती’ असं वेटरला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणतात. तरी रविवारी संध्याकाळी नगर–मनमाड रस्त्यावर गाडी लावायला जागा मिळत नाही. देशाचंही तेच. केंद्र सरकारच्या २०२३-२४च्या उपभोग खर्च सर्वेक्षणात शहरी कुटुंबाच्या मासिक खर्चातला ११.०९ टक्के आणि ग्रामीण कुटुंबाचा ९.८४ टक्के वाटा पेयं, तयार खाणं आणि प्रक्रिया केलेल्या पदार्थांवर गेला. खाण्यापिण्याच्या इतर कुठल्याही गटापेक्षा हा वाटा मोठा आहे. दूध त्याच्या मागे राहिलं.

तेव्हा प्रश्न ‘जावं की नाही’ हा उरलेला नाही. कशासाठी पैसे मोजावेत, एवढाच आहे.

हॉटेल धंद्यातला ढोबळ ठोकताळा असा की विक्रीच्या किमतीत कच्चा माल तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असावा. बाकीच्यात भाडं, पगार, वीज, १९ किलोचा व्यापारी सिलिंडर, रात्री फेकावं लागणारं उरलंसुरलं, आणि मग मालक. म्हणून ‘घरी कितीला पडलं असतं’ या फूटपट्टीने मोजलं तर प्रत्येक हॉटेल महागच ठरणार. माझी फूटपट्टी वेगळी आहे. दोन तृतीयांश पैसे मजुरीचे आणि जागेचे असतील, तर ती मजुरी माझ्या घरी होण्यासारखी आहे का ते पाहावं. पनीर मसाला या परीक्षेत नापास होतो. कांदा-टोमॅटोचं एकच वाटण सकाळी शिजवून ठेवायचं आणि दिवसभर त्यातच कधी पनीर, कधी काजू, कधी कोफ्ता सोडायचा, हे काम घरीही अर्ध्या तासाचं आहे.

मासवडी मात्र पास होते. पारनेर, संगमनेर, अकोल्याकडे आणि पलीकडे जुन्नरात ती करणारी घरं अजून आहेत, पण शहरात गेलेल्या पोरांच्या स्वयंपाकघरातून ती गेली. डाळीचं पीठ उकळत्या पाण्यात गाठ न होऊ देता घोटायचं, हाताला चटके बसत असतानाच ओल्या फडक्यावर थापायचं, वर तीळ, खोबरं, कांदा-लसणाचं सारण पसरायचं आणि फडक्यानेच गुंडाळी वळायची. पीठ गार झालं की चिरतं. शिवाय झणझणीत रस्सा वेगळा. अशा थाळीला दोनशे रुपये मागितले तर मी घासाघीस करत नाही.

भाकरीचा हिशेब तर आणखी मजेशीर. २०२५-२६ साठी मालदांडी ज्वारीची किमान आधारभूत किंमत क्विंटलला ३,७४९ रुपये आहे. एका भाकरीला शंभर ग्रॅम पीठ धरलं तर ज्वारी चार रुपयांच्या आतली. दुकानदाराचा नफा आणि दळण धरून पाच-सहा रुपये. हॉटेलात ती वीस ते तीस रुपयांना मिळते. ताटातला सगळ्यात जास्त नफ्याचा पदार्थ बहुधा तोच, आणि तरीही मला सगळ्यात वसूल वाटणारा तोच. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नाही. दळण जुनं झालं, पिठाची विरी गेली, की भाकरी थापतानाच फाटते. परातीत हात फिरवत ती वाढवायची, उचलून तव्यावर टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा, वेळेत उलटायची आणि शेवटी विस्तवाला लावून पापुद्रा सुटू द्यायचा. तंदूरवाला कारागीर पगार देऊन कुठूनही आणता येतो, भाकरी थापणारी बाई आसपासच्या वस्तीवरूनच यावी लागते.

या जिल्ह्याने १९७२चा दुष्काळ काढला तो दुष्काळी कामावरच्या सुकडीवर आणि अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीवर. तेव्हा घरची पांढरीशुभ्र भाकरी स्वप्नातली गोष्ट होती आणि गव्हाची पोळी सणाची. आज त्याच गावांच्या फाट्यावर ‘चुलीवरची भाकरी’ असा फ्लेक्स लागतो आणि ती चपातीपेक्षा महाग असते.

चुलीमागे बाईच बसलेली असते, हे विसरून चालणार नाही. २०२४च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला २८९ मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा ८८ मिनिटं. रविवारच्या जेवणाचं बिल म्हणजे बऱ्याच घरांत गृहिणीच्या एका सुटीची किंमत असते, आणि ती मला रास्त वाटते. ती सुटी दुसऱ्या बाईच्या हातांतून येते, म्हणून भाकरीवाल्या मावशींना रोज किती मिळतो, हे मालकाला विचारायला मी कचरत नाही. उत्तर क्वचितच सरळ मिळतं.

बिलाबद्दल थोडं. नोव्हेंबर २०१७ पासून बहुतेक रेस्टॉरंटांना ५ टक्के जीएसटी आहे, एसी असो वा नसो. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीच लागत नाही; म्हणजे दिवसाला साधारण साडेपाच हजारांच्या गल्ल्यापर्यंत. फाट्यावरच्या खानावळीने बिलात कर लावला तर नोंदणी क्रमांक पाहावा. ‘कंपोझिशन’मधला हॉटेलवाला कर भरतो, पण गिऱ्हाइकाकडून वेगळा घेऊ शकत नाही. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. पाण्याच्या बाटलीला मात्र छापील किमतीपेक्षा जास्त घेतले म्हणून टेबलावर बसून भांडण्यात अर्थ नाही. हॉटेलांना ते बंधन लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आहे.

ताटाची किंमत सरकारनेही काढून पाहिली आहे. १९९५ मध्ये युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर आणली. पुढे बऱ्याच केंद्रांत झुणका-भाकर सोडून बाकी सगळं मिळू लागलं. २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी आली: दोन चपात्या, एक वाटी भाजी, वरण, भात, १० रुपयांत. केंद्रचालकाचा हिशेब मात्र शहरात थाळीमागे ५० आणि ग्रामीण भागात ३५ रुपयांचा धरलेला, फरक सरकारचा. टेबल-खुर्ची, पंखा, पापड-लोणचं नसलेल्या साध्या जेवणाचा हा त्या वेळचा सरकारी भाव. तो डोक्यात ठेवला तर एसटी स्थानकासमोरची शंभर-सव्वाशेची थाळी अवाच्या सवा वाटत नाही. शिर्डीच्या प्रसादालयात तर तेही पैसे लागत नाहीत. तिथे सौरऊर्जेच्या वाफेवर हजारोंचा स्वयंपाक होतो. २०२५च्या जानेवारीत माजी खासदार सुजय विखे पाटलांनी या जेवणाला पैसे घ्यावेत असं म्हटलं आणि वाद पेटला. फुकट जेवण शेजारी असूनही शिर्डीत खासगी भोजनालयं भरलेली असतात. रांगेत उभं राहायचं नाही, एवढ्यासाठी माणसं पैसे देतात.

त्याच भाविकांच्या वाटेवर, शिर्डीहून शनिशिंगणापूरला जाताना, बैल जुंपलेल्या लाकडी चरख्याच्या रसवंत्या लागतात. बाजा, झोके, उसाचा चोथा आणि बैलाच्या गळ्यातली घुंगरं. उसाच्या जिल्ह्यात रसाला एवढे पैसे कशाला, असं गावकरी म्हणतात. पण यंत्राचा रस कुठेही मिळतो. ही रसवंती वसूल आहे.

मला विचाराल तर सगळ्यात खरा सौदा अकोल्याच्या पश्चिमेला होतो. भंडारदरा, शेंडी, कळसूबाईच्या पायथ्याचं बारी. इथे घरांतच जेवण मिळतं, माणशी ठरलेल्या दरात. मेन्यूकार्ड नाही, त्या दिवशी जे रांधलं ते. इथलाच काळभात तांदूळ कुणी शिजवला तर आधी नुसताच खाऊन पाहावा. आदल्या दिवशी फोन करून किती माणसं ते सांगायचं, कारण तेवढंच पीठ मळलं जातं. मे-जूनच्या काजव्यांच्या गर्दीत काही जण आगाऊ रक्कम मागतात. एरवी शब्दावर चालतं. पुण्या-मुंबईची मंडळी वाटेत दुसरीकडे जेवून घेतात आणि इकडे कळवत नाहीत. दहा जणांचा भात आणि कोंबडीचा रस्सा मग कुणाच्या माथी मारायचा?