तारांकनाचा तोल : विद्यापीठ निवडताना विद्यार्थ्यांचे अभिप्राय कसे वाचावेत?

बारावीचा निकाल हाती आला की व्यापारी कुटुंबांत एक निराळाच हिशेब सुरू होतो. दुकान वाढवून झाले की वडील, काका, मोठा भाऊ एकत्र बसतात. कुणाच्या तरी मोबाइलवर दोन-तीन विद्यापीठांची नावे शेजारी शेजारी येतात आणि प्रत्येक नावापुढे तारे असतात. एकाला 4.6, दुसऱ्याला 4.1. पाच मिनिटांत निर्णय होतो. ज्या घरात पन्नास पोती तूर घेताना अनेक पोत्यांतले दाणे तळहातावर घेऊन पाहिले जातात, त्याच घरात मुलांच्या आयुष्याची तीन-चार वर्षे आणि काही लाखांचा खर्च एका दशांश अंकावर सोपविला जातो, हे नवलच म्हणावे लागेल.

या अंकाकडून आणखी एक काम करून घेतले जाते. पुष्कळ घरांत मुलासाठी विद्यापीठाचा क्रमांक पाहिला जातो आणि मुलीसाठी घरापासूनचे अंतर. मुलीने परगावच्या विद्यापीठाचे नाव काढले की ‘त्याला तारे कमी आहेत’ एवढे म्हणून विषय संपविता येतो. अशा वेळी अंक हे कारण नसते, निमित्त असते. म्हणूनच हा अंक काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे वडीलधाऱ्यांना कळणे जितके आवश्यक आहे, तितकेच ते मुलामुलींनाही कळणे आवश्यक आहे.

सरासरीत हत्ती सापडत नाही

हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट पाठशाळेत आपण सर्वांनीच ऐकली आहे. कुणाला हत्ती खांबासारखा वाटतो, कुणाला सुपासारखा, कुणाला दोरासारखा. प्रत्येकाचे म्हणणे त्याच्या अपेक्षेने खरे असते. अनेकान्त आपल्याला या सर्व कथनांना त्यांच्या त्यांच्या जागी ठेवायला शिकवितो. त्यांची बेरीज करून संख्येने भागायला मात्र तो सांगत नाही. खांब, सूप आणि दोर यांची सरासरी काढून हत्ती हाती येणार नाही. तारांकनात नेमके तेच होते. एकाने वसतिगृहाच्या पाण्याला एक तारा दिला, दुसऱ्याने ग्रंथालयाला पाच दिले, तिसऱ्याने परीक्षा सोपी म्हणून चार दिले आणि या सर्वांचे मिळून 3.3 असे काहीतरी झाले. हा अंक पाण्याविषयी काही सांगत नाही आणि ग्रंथालयाविषयीही नाही.

साधे गणित पाहू. एखाद्या संस्थेला 20 जणांनी मिळून 4.6 तारे दिले आहेत. उद्या पाच नाराज विद्यार्थ्यांनी प्रत्येकी एक तारा दिला, तर सरासरी 3.88 वर येते. दुसऱ्या संस्थेचे 4.1 हे 900 जणांचे मत आहे. तेथेही तसेच पाच जण आले, तर अंक 4.08 पर्यंतच उतरतो. पहिल्या संस्थेचा मोठा अंक किती हलका होता, हे पाच माणसांनी दाखवून दिले. तेव्हा तारे पाहण्यापूर्वी तारे देणाऱ्यांची संख्या पाहावी. त्यानंतर मते कशी विभागली आहेत, ते पाहावे. सर्वांनी तीन तारे दिले तरी सरासरी तीन येते आणि निम्म्यांनी पाच व निम्म्यांनी एक दिला तरी तीनच येते. पहिली संस्था सामान्य आहे. दुसरीत मात्र एखादा विभाग उत्तम आणि एखादा दुरवस्थेत असण्याचा संभव आहे. तेथे कोणत्या विभागात प्रवेश घ्यायचा, यावर सारे अवलंबून राहते.

विद्यार्थ्याची साक्ष कोठे ग्राह्य?

विद्यार्थ्यांचे मत शासकीय पातळीवर पद्धतशीरपणे गोळा करण्याचा एक मोठा प्रयोग ब्रिटनमध्ये चालतो. तेथे 2005 पासून पदवीच्या अंतिम वर्षातील विद्यार्थ्यांचे राष्ट्रीय सर्वेक्षण होते. निम्म्या तरी विद्यार्थ्यांनी उत्तर दिले असेल, तरच संस्थेचे निकाल प्रसिद्ध करण्याचा तेथे दंडक आहे. 2017 मध्ये विद्यार्थी संघटनांनी बहिष्काराची हाक दिली, तेव्हा ऑक्सफर्ड आणि केंब्रिजसारख्या विद्यापीठांचेही निकाल प्रसिद्ध होऊ शकले नाहीत. अधिक लक्षणीय गोष्ट पुढची आहे. ‘एकूण आपण किती समाधानी आहात?’ हा प्रश्न 2023 पासून इंग्लंडमधील विद्यार्थ्यांना विचारणे बंद झाले. अध्यापन, मूल्यमापन, ग्रंथालयादी साधने, विद्यार्थ्यांचे म्हणणे ऐकून घेण्याची पद्धत, यांविषयीचे वेगवेगळे प्रश्न मात्र कायम राहिले.

विद्यार्थी चांगले साक्षीदार असतात, पण सर्वच बाबतींत नव्हे. अमेरिकेच्या वायुदल अकादमीतील विद्यार्थ्यांवर आधारलेला एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे कोणत्या विद्यार्थ्याला कोणता प्राध्यापक मिळेल हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरते आणि परीक्षा सर्वांना एकच असते. म्हणून तुलना निर्मळ होते. असे आढळले की ज्या प्राध्यापकांच्या वर्गांना त्याच विषयात चांगले गुण मिळाले, त्यांना विद्यार्थ्यांनी वरचा शेरा दिला. परंतु पुढच्या, अधिक अवघड अभ्यासक्रमात त्यांचेच विद्यार्थी मागे पडले. पाया खोल खणणारा शिक्षक त्या वर्षी कठोर वाटतो आणि त्याची किंमत नंतर कळते.

यावरून एक व्यवहार्य कसोटी मिळते. जे विद्यार्थ्याने स्वतः अनुभवले आहे, त्याविषयी त्याचा शब्द प्रमाण मानावा. तासिका नियमित होतात का, निकाल किती महिन्यांनी लागतो, जाहीर शुल्काशिवाय आणखी काय भरावे लागते, वसतिगृहात तक्रार कोण ऐकतो, हे त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नसते. मात्र ‘येथील शिक्षणाचा पुढे किती उपयोग होईल’, हे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कसे सांगता येईल? त्यासाठी चार-पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्यांना विचारावे.

आहाराचे उदाहरण तर आपल्या घरचेच आहे. ‘मेस उत्तम’ असे शंभर जणांनी लिहिले तरी कंदमूळ वर्ज्य असलेल्या आणि चौविहार पाळणाऱ्या मुलीला त्याचा उपयोग नाही. रात्रीचे जेवण आठ वाजता वाढले जात असेल, तर तिच्या दृष्टीने तेथे संध्याकाळचे भोजनच नाही. उलट, मेसला दोनच तारे मिळालेल्या ठिकाणी सूर्यास्तापूर्वी डबा मिळण्याची सोय असू शकते.

क्रमवारी काय मोजते?

‘मग विद्यार्थ्यांना विचारायचेच कशाला? शासनाची क्रमवारी आहे की,’ असे कोणी म्हणेल. राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारी आराखडा, म्हणजेच एनआयआरएफ, 2015 मध्ये जाहीर झाला आणि पहिली यादी 2016 मध्ये आली. विद्यापीठांच्या गटात अध्यापन व साधनांना 30, संशोधनाला 30, पदवीनंतरच्या फलितांना 20, सर्वसमावेशकतेला 10 आणि जाणकारांच्या मताला 10 असे शंभर गुणांचे वाटप आहे. मुलगा वाणिज्य शाखेची पदवी घेऊन पेढीवर बसणार असेल, तर संशोधनाच्या 30 गुणांचा त्याला थेट लाभ थोडाच. संशोधनाकडे वळू पाहणाऱ्या मुलीला मात्र तेच 30 गुण सर्वांत मोलाचे. यादी एकच, पण दोघांसाठी तिचा अर्थ निराळा.

1994 मध्ये स्थापन झालेली ‘नॅक’ ही संस्था श्रेणी देते. तिच्या 2017 पासूनच्या मूल्यांकन-पद्धतीत विद्यार्थ्यांच्या समाधानाच्या सर्वेक्षणालाही स्थान मिळाले. पण श्रेणी संपूर्ण संस्थेला मिळते, एखाद्या विभागाला नाही.

शिवाय क्रमवारीतील पुष्कळशी माहिती संस्थाच पुरवितात. न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ एका नामांकित अमेरिकन क्रमवारीत दुसऱ्या स्थानावर होते. 2022 च्या प्रारंभी त्याच विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी आपल्या संस्थेने दिलेल्या आकड्यांवर जाहीर शंका घेतली. त्यांतील काही आकडे चुकीचे असल्याचे विद्यापीठाला मान्य करावे लागले आणि सप्टेंबरच्या यादीत ते अठराव्या स्थानी आले. त्या काही महिन्यांत वर्ग तेच होते, शिक्षकही तेच होते.

नोकरीच्या आकड्यांबाबतही सावध असावे. दहा विद्यार्थ्यांपैकी नऊ जणांना वर्षाला 3 लाख आणि एकाला 43 लाख मिळाले, तर सरासरी 7 लाख येते. जाहिरातीत हीच झळकते. मध्यक मात्र 3 लाखच राहतो. एनआयआरएफसाठी संस्था जी माहिती सादर करतात, तीत वेतनाचा मध्यक आणि उच्च शिक्षणाकडे वळलेल्यांची संख्या असते. तीच पाहावी.

या सर्वांआधीची पायरी म्हणजे विद्यापीठाला पदवी देण्याचा अधिकार आहे की नाही, याची खात्री. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 1956 च्या कायद्यानुसार हा अधिकार ठरतो आणि बनावट विद्यापीठांची यादी आयोग प्रसिद्ध करतो. तारे कितीही असोत, ही यादी पाहिल्याविना पैसे भरू नयेत.

पोत्याच्या तळाचा नमुना

अनुभवी व्यापारी पोत्याच्या तोंडावरचे दाणे पाहून सौदा करीत नाही. तो नळी घालून तळाचे दाणे काढतो. अभिप्रायांचेही तसेच करावे. पाच तारे आणि एक तारा ही दोन्ही टोके प्रथम बाजूला ठेवावीत. दोन, तीन आणि चार तारे देणारा सहसा कारण सांगतो. अभिप्राय कोणत्या वर्षाचा आणि कोणत्या अभ्यासक्रमाचा, ते पाहावे. एकच तक्रार निरनिराळ्या वर्षांत निरनिराळ्या शब्दांत येत असेल, तर ती खरी समजावी. एकाच आठवड्यात सारख्याच शब्दांत आलेली स्तुती, विशेषतः प्रवेशाच्या दिवसांतली, बाजारातली समजावी. खोट्या अभिप्रायांचा प्रश्न इतका वाढला की भारतीय मानक ब्यूरोला 2022 मध्ये ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस 19000 हे मानक काढावे लागले.

त्यानंतर एक कागद घ्यावा. डाव्या बाजूला आपल्या मुलाला वा मुलीला खरोखर महत्त्वाच्या वाटणाऱ्या सहा-सात गोष्टी लिहाव्यात आणि प्रत्येक संस्थेपुढे त्या त्या गोष्टीविषयी मिळालेली माहिती मांडावी. बेरीज करू नये. हा कागद मुलांनीच भरावा आणि वडीलधाऱ्यांनी प्रश्न विचारावेत. मुलीने भरलेल्या कागदावर ‘सुरक्षितता’ आणि ‘अंतर’ याही ओळी असू द्याव्यात, पण त्या इतर ओळींसारख्या ओळी म्हणून. त्या साऱ्या कागदावर पसरू नयेत.

आपल्या समाजापाशी या कामी एक जुने साधन आहे. आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने 1915 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या श्री महावीर जैन विद्यालयाची वसतिगृहे पुणे, अहमदाबाद, बडोदे आदी ठिकाणी आहेत. गावोगावी जैन बोर्डिंगेही आहेत. या वसतिगृहांच्या एकाच पंगतीत अनेक महाविद्यालयांचे विद्यार्थी जेवायला बसतात. कोणत्याही एका संस्थेची बाजू घेण्याचे त्यांना कारण नसते आणि तुलना त्यांच्या रोजच्या बोलण्यात असते. प्रवेशापूर्वी अशा ठिकाणी मुलांना घेऊन अर्धा दिवस घालविला, तर मोबाइलवरील शेकडो अभिप्रायांचा अर्थ उलगडतो.

लिहिणाऱ्याचे कर्तव्य

अभिप्राय वाचणाऱ्याइतकीच जबाबदारी तो लिहिणाऱ्यावर असते. तत्त्वार्थसूत्रात श्रावकाच्या सत्यव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’, म्हणजे खोटा लेख करणे, याची गणना आहे. अचौर्यव्रताच्या अतिचारांत खोटी वजने-मापे आणि नकली माल खरा म्हणून खपविणे हेही येतात. शुल्कात सवलत किंवा एखादी भेटवस्तू घेऊन पाच तारे देणारा विद्यार्थी आणि एका प्राध्यापकावरील रागापोटी साऱ्या संस्थेला एक तारा देणारा विद्यार्थी, दोघेही खोटे वजन वापरतात. त्या वजनाने तोलला जाणारा माल म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी घरातले मूल असते.

आपली मुले पदवी घेऊन बाहेर पडतील, तेव्हा त्यांनी कोणता अभ्यासक्रम, कोणती वर्षे, काय मिळाले आणि काय मिळाले नाही, एवढे चार ओळींत अवश्य लिहावे. तारे द्यायचे राहिले तरी चालेल. पुढच्या वर्षी एखाद्या गावात रात्री दुकान वाढवून बसलेल्या कुटुंबाला त्या चार ओळींचाच आधार होईल.