रिप व्हर्जनमधून कापलेलं संगीत

‘ड्रॅगन क्वेस्ट’ हा जपानी खेळ 27 मे 1986 रोजी आला, त्याला आता चाळीस वर्षं झाली. रोल-प्लेइंग खेळातलं संगीत वाद्यवृंदाकडून वाजवून घेऊन त्याचा वेगळा अल्बम काढायची चाल त्याचे संगीतकार कोइची सुगियामांनी त्याच वर्षी पाडली. 1989 साली नोबुओ उएमात्सूंच्या ‘फायनल फँटसी’चाही तसा अल्बम निघाला. नव्वदच्या दशकात यातलं काही आमच्यापर्यंत पोचलंच नाही.

पोचलं ते 2000 नंतर, आणि तेही अर्धंमुर्धं. लातूरच्या ट्यूशन भागातले सायबर कॅफे असोत की नांदेडचं वजिराबाद, हाती येणारी सीडी बहुधा ‘रिप’ असायची. एका सीडीत मावावं म्हणून व्हिडिओ आणि संगीत कापलेलं. तलवारी राहिल्या, राक्षस राहिले, गेलं ते नेमकं संगीत! कुणाला त्याची हळहळही नव्हती, याचा राग अजून जात नाही. ‘फायनल फँटसी 7’ कॉम्प्युटरवर मिडीतून वाजायचा, स्वस्त साउंड कार्डावर अगदी पिचका. मग कुणीतरी त्याच खेळाच्या ‘रीयुनियन ट्रॅक्स’ या 1997 च्या अल्बमची एमपीथ्री मिळवली. खेळातल्या एरिथ या पात्राची तीच धून तंतुवाद्यांवर ऐकली आणि इतकी वर्षं आपल्याला काय नाकारलं गेलं ते कळलं. ‘डायब्लो 2’ या खेळाच्या 2001 च्या विस्तारासाठी मॅट उएल्मननी ब्रातिस्लाव्हात ऑर्केस्ट्रा बसवला होता. लोडशेडिंगमध्ये या संगीताचं डाउनलोड तुटायचं, पुन्हा लावायचं, पण त्या तुकड्यांवर आम्ही जीव टाकला. ‘खेळातलं कसलं आलंय संगीत’ म्हणणाऱ्या जाणकारांनी त्यातला एकही तुकडा पूर्ण ऐकला नव्हता.

आज सगळं फोनवर आहे, पण पोरं आवाज बंद करून खेळतात. अल्बमसोबतची पुस्तिका गेली, वादकांची नावं गेली. पुण्यात घडलेल्या ‘राजी’ या खेळाला 2020 साली ग्रीसच्या लिनोस त्झेलोसनी संगीत दिलं. काम सुरेख आहे, पण आपल्याकडे त्याची चर्चा कितीशी झाली?

आपला कान तयार नाही, हे मला मान्य नाही. ‘सैराट’चा ऑर्केस्ट्रा लॉस एंजेलिसला मुद्रित झाला आणि मराठवाड्याने तो वरातीत वाजवला. लातूरच्या दयानंद सभागृहात, नांदेडच्या कुसुम सभागृहात संगीतसभा भरवणाऱ्यांनी एक संध्याकाळ या रचनांना द्यावी. आणि वादकांची नावं पत्रिकेत छापावीत.