महामार्ग आणि आपली शहरे

रस्ता आणि शहर एकमेकांना कसे घडवतात, हे पाहायचे तर प्रथम धुळ्यास जावे. १८१९ च्या सुमारास कॅप्टन ब्रिग्ज यांनी तेथे नवी पेठ आखली. मुंबई-आग्रा रस्ता शहरातून गेला, दुतर्फा दुकाने थाटली गेली आणि ‘आग्रा रोड’ हे बाजाराचेच नाव होऊन बसले. पुढे धावत्या वाहनांसाठी गावाबाहेरून वळणरस्ता काढावा लागला.

जळगावची गोष्ट तीच. सुरत-नागपूर हा पूर्वीचा ६ क्रमांकाचा आणि २०१० च्या फेरक्रमांकानंतर ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग. तो एके काळी वस्तीच्या कडेने जाई. शहर वाढले, आणि आकाशवाणी चौक, इच्छादेवी, अजिंठा चौफुली ही नित्य ओलांडण्याची ठिकाणे झाली.

ताशी ६० किलोमीटर वेगाची मालमोटार सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे येते. पाळीवर निघालेल्या सायकलवाल्या कामगाराने तिच्यापुढून जायचे कसे? समांतर रस्त्यांची मागणी जळगावकरांनी वर्षानुवर्षे लावून धरली, ती याच कारणाने.

पाळधी ते तरसोद वळणरस्ता हा उपाय खरा, परंतु अर्धा. त्याच्या कडेच्या शेतांतही उद्या प्लॉट पडतील. सेवारस्त्याची जागा आणि भुयारी वाट आजच राखली नाही, तर आपल्या नातवंडांना हेच गाऱ्हाणे पुन्हा मांडावे लागेल. म्हणून रस्त्याचा नकाशा पुढे आला, की मंजुरीआधीच विचारा : पायी चालणारा हा रस्ता कोठून ओलांडणार?